अकरा सेकंद

सिग्नलचे अकरा सेकंद उरले असताना मी लाल दिव्यातून स्कूटर पुढे घातली. माझं वय बहात्तर, मागे बायको, आणि समोर रस्ता ओलांडणारी एक म्हातारी. ती दचकून मागे सरली. तिच्या पिशवीतले टोमॅटो रस्ताभर झाले, एक माझ्या चाकाखाली फुटला.

त्या लाल चिखलाकडे बघताना वाटलं, आपण स्वतःला संयमी समजतो ते कशाच्या जोरावर? गोड खाणं मधुमेहामुळे सुटलं, भांडणं रक्तदाबामुळे. श्रेय मात्र मी घेत आलो, तेही ज्येष्ठ नागरिक संघात प्राणायाम शिकवताना. तिथे चाळीस आकडे मोजेपर्यंत श्वास रोखतो. इथे अकरा आकडे स्कूटरची मूठ रोखता आली नाही.

चौकातल्या पोलीसबाईंनी दंडसुद्धा केला नाही. "जा आजोबा, सांभाळून," म्हणाल्या. दंडाने एवढं लागलं नसतं.

बायकोने म्हातारीला टोमॅटो वेचून दिले, मग स्कूटरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. "ही आता मिळायची नाही."

"अगं, जरा घाई झाली."

"कसली घाई? तुमची वाट बघणारं आता स्मशानच उरलंय, आणि ते काही पळून जात नाही."