पानी

हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. मित्रांपाशी नाही, मुलीपाशी नाही. आणि जिच्यापाशी बोलायला हवे होते तिच्यापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण रविवार जवळ येतो आहे.

रविवारी माझ्या मुलीचे, गौरीचे, लग्न आहे. वधूपित्याला धास्ती असते ती पंगतीची, पाहुण्यांच्या मानपानाची. मलाही तेवढीच असती तर किती बरे झाले असते! मला धास्ती आहे ती एका उखाण्याची.

मी नगरला महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि कविता लिहितो — प्रेमकविता. जिल्ह्यात कुठे कविसंमेलन असले की मला बोलावणे येते. मी तिथे सांगतो की प्रेम म्हणजे ऐकणे आणि कविता म्हणजे त्या ऐकण्याची पोच. लोक माना डोलावतात. मग एखादा हमखास विचारतो, "सर, वहिनींवर किती कविता केल्या?" मी म्हणतो, "करून उपयोग काय? आमच्या मंडळींना कवितेचं अंगच नाही." सभागृह हसते. पहिल्या रांगेत बसलेली सुमनही हसते.

ते वाक्य खोटे आहे. ते खोटे आहे हे दोघांनाच ठाऊक — मला आणि तिला. तरीही ती हसते. का हसते? हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

सुमन राजूरच्या पलीकडच्या डोंगरातली. आमचे लग्न तिच्याच गावात, घरासमोरच्या मांडवात झाले. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. नगरहून माझे सहकारी जीप करून आले होते, आणि माझे सारे लक्ष ते माझ्या सासुरवाडीकडे कसे पाहतात याकडे. पंगतीत घास भरवायची वेळ आली. बायका म्हणाल्या, नाव घे. चांदीच्या ताटाचा, पाठ केलेला एखादा उखाणा ती घेईल असे मला वाटले होते. तिने मान खाली घातली आणि स्वतः रचलेला घेतला —

"डोंगरावरचं पानी, थांबत न्हाई कुठं,
दिलीपरावांच्या दारी आले, थांबीन म्हनते इथं."

आता सांगतो. सांगायलाच हवे. कवी म्हणवणाऱ्या मी त्यातले काय ऐकले असेल? मी फक्त 'न' ऐकला.

"पानी नाही," मी म्हणालो, "पाणी."

आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. वर्गात शुद्धलेखन सांगावे तसे म्हणालो. सहकारी हसले. एकाने पेला पुढे केला, "वहिनी, ते डोंगरावरचं पानी वाढा की इकडं, ठसका लागलाय." तिचे मामा वाढत होते. ते म्हणाले, "आमी डोंगरातली मान्सं, पाव्हनं. आमच्यात पानीच म्हनत्यात. तहान भागती त्यानंबी." पुन्हा हशा झाला. त्या हशात मी होतो — हो, मीही होतो.

"परत घे गं," बायका म्हणाल्या. ती 'डोंगरावरचं' इथवर आली आणि थांबली. मग नुसतेच "दिलीपरावांचं नाव घेते" म्हणून तिने घास भरवला. रीत पुरी झाली. कुणाचे काही अडले नाही.

जेमतेम दोनदा पाहिलेल्या माणसाला एक मुलगी भर मांडवात सांगत होती की मी तुझ्यापाशी थांबेन. इतकी साधी प्रेमकविता मला अजून लिहिता आलेली नाही. त्यानंतर तिने उखाणा घेतला नाही. हळदीकुंकू असो, कुणाचे बारसे असो — "दुसरीला सांगा." मी मनाची समजूत घालून घेतली की ती लाजाळू आहे. सोयीची समजूत होती.

पण एवढ्यावर संपले नाही. गेल्या उन्हाळ्यात ती स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. "लई गढूळ पानी येतंय हिकडं," ती मोकळेपणी सांगत होती, "गाळून घेते मी." मी दारात आलो. तिने मला पाहिले आणि पुढचे वाक्य बदलले — "नळ गढूळ येतोय."

मी तिथेच उभा राहिलो. मग मागचे आठवत गेलो. 'नळ आला.' 'हंडा भरला.' 'आधण ठेवलंय.' 'तहान लागलीय का?' 'हाय'चे 'आहे' झाले, 'न्हाई'चे 'नाही' झाले. ती माझ्यासारखे बोलायला शिकली. तो एक शब्द मात्र, इतक्या वर्षांत, तिने माझ्यासमोर उच्चारल्याचे मला आठवेना. ना माझा, ना तिचा. घरात दिवसातून कितीदा लागणारा शब्द — तो टाळण्यासाठी तिला रोज किती जपून राहावे लागले असेल? आणि ते मला ऐकू आले नाही. मला — ऐकण्यावर भाषणे देणाऱ्याला.

परवा गौरी म्हणाली, "आई, रविवारी तुला नाव घ्यावंच लागेल. मोबाईलवरचं नको हं."

"तुझ्या पप्पांना विचार," सुमन म्हणाली. "कवी ते आहेत. मला कुठं अंग आहे?"

गौरीला ती गंमत वाटली. "पप्पा, मग तुम्हीच द्या लिहून." सुमन माझ्याकडे पाहत नव्हती. मी म्हणालो — यावर जे म्हणालो त्याचेही मला काही समर्थन नाही — "देतो."

म्हणून सकाळपासून कागद पुढे घेऊन बसलो आहे. दुसरे काही सुचत नाही. तिच्याच दोन ओळी येतात. शेवटी ठरवले, त्याच लिहाव्यात, तिने म्हटल्या तशा. लिहिल्या आणि वाचून पाहिल्या. हाताने आपोआप 'पाणी' लिहिले होते. खोडून पुन्हा लिहिले. पुन्हा 'पाणी'.

ती आत्ताच येऊन गेली. कागद तिने पाहिला की नाही, मला कळले नाही. टेबलावर पेला ठेवला आणि म्हणाली, "घ्या."

मी घेतला.