नानांच्या गुडघ्याचा अंदाज

कट्! सामरवरणीच्या धाग्याच्या कंपनीत नवा लागलो, तेव्हा मशीनच्या घरघरीतही हा आवाज ऐकला होता. बॉबिन उचलायला वाकलेले फोरमन ओरडले, "मशीन बघा रे!" मशीन नव्हतंच, त्यांचा गुडघा होता!

तेव्हा हसलो. आता टोकरखाड्यात चहाच्या टपरीवर आम्ही चौघे रिटायर बसतो. किस्सेही दुखऱ्या सांध्यांसारखेच. एक हलला की बाकीचे जागे होतात.

*

धुळ्याचे आबा ऐन उन्हाळ्यात पायांवर घोंगडी घेऊन बसलेले. "आबा, ताप आला का?"

"नाही रे. पोरानं एसी घेतलाय!"

*

इथल्या दमट हवेला कंटाळून बारकूभाऊ जळगावकडे गावी गेले. कोरड्या हवेत गुडघे शांत झाले. तरी आठवड्यात परत!

"बोलायला कुणी नाही तिकडे. दुखू दे!"

*

पण खरा मान आमच्या नानांचा. कॉलनीतल्या बाया त्यांना विचारूनच पापड वाळत घालायच्या. नाना गुडघ्यावर हात ठेवून सांगायचे, "आज नको." दुपारी पाऊस हजर!

पुण्याच्या एका इंजिनिअरनं मोबाईलवर विसंबून गाद्या गच्चीवर टाकल्या. सगळ्या भिजल्या. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "काका, गुडघ्याचं नोटिफिकेशन मलाही पाठवत जा!"

*

एकदा वहिनी, म्हणजे नानांची बायको, लेकीकडे नाशिकला गेल्या. त्या आठवड्यात नानांचे सगळे अंदाज चुकले. पापडांचा लगदा झाला.

"नाना, गुडघा बंद पडला का?"

"रेंज नाही," नाना म्हणाले.

*

मग कॉलनीच्या हॉलमध्ये सांध्यांच्या तपासणीचं शिबिर लागलं. वहिनींना डॉक्टर म्हटलं की नको. विचारलं की ठरलेलं उत्तर, "मला काय धाड भरलीय!" पण नाना म्हणाले, "मला दाखवायचंय, तू सोबत चल." म्हणून आल्या.

डॉक्टरांनी नानांचे दोन्ही पाय वाकवून पाहिले. "हवा बदलली की काहींचे सांधे दुखतात, ते खरं. पण तुमचे गुडघे ठणठणीत आहेत, काका! पाऊस कळतो कसा?"

नाना खाली बघत म्हणाले, "हिची पावलं ऐकतो. सकाळी चहा ठेवायला उठते ना, तेव्हा. हवा फिरायची असली की डावा पाय ओढते. मला सांगत नाही."

डॉक्टरांनी तपासणीचा पडदा बाजूला केला.

वहिनींनी हातातली पिशवी नानांच्या मांडीवर ठेवली आणि डावा पाय ओढत आत गेल्या.