पिठाला घाबरणारं मशीन

आज पालीहून रत्नागिरीला गेले, पावाचं पीठ मळायला स्टँड मिक्सर घ्यायला. घरी पाव करून करून मनगट दुखायला लागलंय.

सोबत डब्यात यीस्ट घालून कालवलेलं पीठ नेलं. आपण साधा बल्बसुद्धा दुकानात पेटवून बघून घेतो, मग एवढं मशीन तसंच कसं उचलायचं?

दुकानदाराने रिकामं भांडं फिरवून दाखवलं. "वहिनी, आवाज तरी येतोय का बघा."

मी डबा उघडला. "आता यात हे घाला."

त्याने भांड्यावर हातच ठेवला. "पीठ नको हो. लोड येतो. घट्ट पिठाने गिअर गेला तर वॉरंटीत बसत नाही."

"मग हा मळायचा हूक कशाला दिलाय?"

"तो सोबत येतो."

सोबत येतो म्हणे. खोक्यावर पावाचा एवढा मोठा फोटो, आणि पीठ दिसलं की मशीनला धाप लागणार. नुसतं केकचं पातळ मिश्रण तर मी चमच्यानेही ढवळते, त्याला मशीन कशाला?

मशीन तिथेच ठेवून एसटी पकडली. पाली येईपर्यंत फुगलेल्या पिठाने डब्याचं झाकण उचललं होतं. शेवटी ते याच दुखऱ्या हाताने मळलं.

तुमच्यापैकी कोणाचं मशीन घट्ट पीठ मळून टिकलंय? फोटो नकोत. पीठ घालून चालवलेला व्हिडिओ टाका.