दिसते ते सांग

बाबा गेल्याची बातमी नातेवाइकांना द्यायला घरात माणसं होती. एका ठिकाणी मात्र ती मलाच द्यावी लागली. बाबांच्या मोबाइलवर जुन्या सिनेमांच्या वेड्यांचा एक ग्रुप होता. त्यात आमच्या घरातलं दुसरं कोणी नव्हतं आणि बाबांचा फोन उघडायचा कसा, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मातीला गेलेली माणसं परत आली, तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन लिहिलं, 'वणीचे वामनकाका आज सकाळी गेले. मी त्यांची सून.' एकामागून एक निरोप यायला लागले. अमरावतीहून, सांगलीहून, एक तर थेट इंदूरहून. सगळे हळहळले होते आणि जवळजवळ प्रत्येकानं एकच गोष्ट लिहिली होती : काय नजर होती काकांची. अशी नजर शंभरात एकाची. मी फोन पालथा ठेवला. रडू येत होतं आणि त्यातच हसूही फुटत होतं. भरल्या घरात ते बरं दिसलं नसतं, म्हणून पदर तोंडाशी धरून बसले. कारण ज्या नजरेचं हे कौतुक चाललं होतं, ती जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. बाबांना दिसत नव्हतं.

वामनराव म्हणजे माझे सासरे. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, बोलायला मोजके, चहाला कडक. लहानपणी केळापूरच्या बाजूला असताना तंबूतला सिनेमा पाहिला आणि तिथून जे वेड लागलं ते सुटलं नाही. आधी कॅसेटी, मग सीड्या, मग डिस्क. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा सासूबाईंच्या लुगड्यांचं कपाट सिनेमांनी बळकावलेलं होतं आणि सासूबाई त्यावर जन्मभर बोलत राहिल्या. त्या गेल्या आणि पाठोपाठ बाबांना काचबिंदू झाला. हा आजार चोरासारखा येतो. कडेकडेनं दिसणं कमी होत गेलं, मग समोरचंही धुरकटलं. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि गेलेलं परत येणार नाही, हेही सांगितलं. बाबांनी घरी येऊन 'आता बरं हाये' एवढंच म्हटलं. घर त्यांच्या पायांना पाठ होतं, म्हणून कोणाला शंका आली नाही.

आता त्या ग्रुपविषयी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुंबईची एक छोटी कंपनी आहे. जुन्या सिनेमांच्या प्रिंट शोधायच्या, साफसूफ करायच्या आणि घरी पाहता येतील अशा डिस्क काढायच्या, हा तिचा धंदा. पण पुढची डिस्क कोणत्या सिनेमाची, हे ती आधी सांगत नाही. एक चित्र काढून मोबाइलवर टाकते. चित्रात ना नट, ना नटी. एखादी खुर्ची, एखादा दिवा, कुठं तुटलेली बांगडी. त्यावरून सिनेमा ओळखायचा. बाबांच्या ग्रुपचा नियम असा, की नुसतं नाव सांगायचं नाही, कारणही सांगायचं. ओळखलं तर बक्षीस? काही नाही. बिनबक्षिसाच्या कामासाठी शहाणीसुरती माणसं चार-चार दिवस भांडतात, हे मी मुकुटबनला माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, 'त्यायले घरी कामं नाही का वं?'

एका दुपारी माझे मिस्टर राजूरच्या खाणीत पाळीला गेले होते. बाबांनी खोलीतून हाक मारली. 'पोरी, जरा येतं का? हे चित्र सांग मले.' मला वाटलं, चष्मा सापडत नसेल. म्हटलं, 'बाबा, चष्मा तर डोळ्यावरच आहे तुमच्या.' ते म्हणाले, 'आहे ना. चष्म्याचं काम चष्मा करून राह्यला. डोळ्यायनं सोडलं.' हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मी दारातच खाली बसले. मग त्यांनी एक अट घातली. ग्रुपमध्ये हे कळता कामा नये. मी म्हटलं, 'काहून बाबा? लोकं समजून घेतीन.' 'समजून घेतीन, थेच तर नाही पाह्यजे. आंधळा म्हटलं का लोक सिनेमाचं बोलनं बंद करते अन् तब्येतीचं सुरू करते. मले तब्येतीवर बोलाचं नाही. मी आहो तोवर सांगू नको. मंग सांग खुशाल.' त्यांना जे वाचवायचं होतं ते एवढंच होतं. आठवड्यातून दोन-चार वेळा चार माणसांनी त्यांच्याशी सिनेमावर भांडावं. मी हो म्हटलं.

माझी सुरुवात मात्र फजितीचीच झाली. चित्रात एक होडी होती. मी म्हटलं, 'होडीत कापूस भरला आहे, बाबा.' झालं. बाबा संध्याकाळपर्यंत कापसाच्या मागं. कापसाचा व्यापारी असलेला सिनेमा आठवून पाहिला, गिरणीचा पाहिला, एकही बसेना. ग्रुपमध्ये तर कापसाचं नावही कोणी घेत नव्हतं. शेवटी मला पुन्हा बोलावलं. 'कापूस होडीतच आहे, का काठावर बी आहे?' 'काठावर बी आहे. वल्ह्यावर बी आहे.' 'वल्ह्यावर कापूस कोन ठेवीन, पोरी?' मी परत पाहिलं. तो बर्फ होता. जन्मात बर्फ पडताना पाहिला नव्हता, पण दिवाळीनंतर माहेरच्या घरात आढ्यापर्यंत चढलेला कापूस पाहिला होता, म्हणून मला तोच दिसला. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. 'तुया डोळ्यात मुकुटबनचं घर भरलं आहे. आता असं कर, कोन्याच वस्तूचं नाव नको घेऊ. दिसते ते सांग. पांढरं आहे म्हन, गोल आहे म्हन, कायच्यावर आहे ते सांग. नाव मी ठेवतो.'

ऐकायला सोपं वाटतं, पण करून पाहा. आपण वस्तू पाहतच नाही हो, नाव घेतो आणि पुढं जातो. मला हे शिकायला वर्ष लागलं. शिकले तेव्हा जे पाहायला मिळालं, ते मी विसरणार नाही. एकदा चित्रात रिकामा झोका होता, खाली ओल्या पावलांचे ठसे आणि लांब नदीची रेघ. ग्रुपमध्ये सगळ्यांनी नदीत जीव देणाऱ्या मुलींचे सिनेमे काढले, आणि आपल्याकडं ते काही थोडेथोडके नाहीत. अमरावतीच्या शैलाताई या ग्रुपमधल्या जाणत्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, बाबांशी कडाकडा भांडणाऱ्या. त्यांनीही तेच ठरवलं होतं. बाबांनी मला विचारलं, 'बोटं कोनीकडं आहे?' मी म्हटलं, 'झोक्याकडं.' 'सगळ्या पावलायची?' 'हो, सगळ्यायची.' 'मंग थे बुडाली नाही. वापस आली.' मग म्हणाले, 'झोका हालून राह्यला का थांबला?' मी म्हटलं, 'चित्रात कसं कळंल, बाबा?' 'दोऱ्या पाह्य.' मी पाहिल्या. दोऱ्या सरळ नव्हत्या. अगदी थोड्या, एका अंगाला कललेल्या होत्या. चित्र माझ्या हातात, माझे दोन्ही डोळे शाबूत, आणि दोरी कलली आहे हे त्यांना आधी कळलं. बुडाली असं समजलेली मुलगी घरी परत येते, असा एक विस्मरणात गेलेला सिनेमा बाबांनी सांगितला. ग्रुपमधले निरोप मी वाचून दाखवायची आणि ते आवाजातच उत्तर पाठवायचे, त्यामुळं लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. कंपनीनं नाव जाहीर केलं तेव्हा तोच निघाला. शैलाताईंनी लिहिलं, 'काका, तुमच्यापुढं हात टेकले.'

डिस्क आली की आम्ही दुपारी ती लावायचो. बोलणं चाललं असलं की मी गप्प. बोलणं थांबलं की मी सांगायची, कोण कुठून आलं, हात कुठं ठेवला, मागं काय आहे. पुढं पुढं ही सवय खोलीबाहेरही आली. भाजी आणायला गेले तरी मनात चालायचं, डावीकडं दोन बाया, एकीची पिशवी जड आहे. माझे मिस्टर पाळीवरून आले की फाटकाला हात लावून जरा वेळ नुसते उभे राहतात आणि मगच आत येतात, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी तेव्हा दिसलं. मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, 'मले कडीच्या आवाजावरून माहीत होतं. म्हटलं, तुले कधी दिसते पाहू.' त्या दिवसापासून मिस्टर आत आले की मी आधी पाणी देते, गाऱ्हाणी नंतर.

मध्यंतरी शैलाताईंनी टूम काढली, की सगळ्यांनी एकदा अमरावतीला भेटायचं. एकत्र बसून सिनेमा पाहायचा, जेवायचं. बाबा दोन दिवस त्या भेटीवरच बोलत होते. कोण कसा असेल, इंदूरवाला जाडा असेल, शैलाताई ठेंगण्या असतील. मग त्यांनी निरोप पाठवला, गुडघे दुखतात, प्रवास झेपणार नाही. गुडघे बिचारे ठणठणीत होते. भेटीच्या दिवशी ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. मी एकेक फोटो सांगत गेले आणि ते भिंतीकडं तोंड करून ऐकत राहिले. शैलाताई उंच निघाल्या. मी म्हटलं, 'बाबा, सांगून टाकू का आता?' त्यांनी मान हलवली. मला फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, पण शब्द दिला होता.

शेवटचं चित्र बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यातलं. खिळ्याला टांगलेली छत्री आणि अर्धं उघडं दार. ग्रुप म्हणे, कोणीतरी घर सोडून गेलं. बाबांनी विचारलं, 'छत्री ओली का कोरडी?' मी म्हटलं, 'खाली फरशीवर एक थेंब आहे.' 'मंग माणूस आत आहे,' बाबा म्हणाले आणि सिनेमाचं नाव सांगितलं. ते बरोबर असल्याचं कळलं, तेव्हा बाबा नव्हते. झोपेतच गेले.

परवा शैलाताई येऊन गेल्या. अमरावतीहून एसटीनं, या वयात, फक्त बाबांची खोली पाहायला. पिशवीतून डिस्क काढली, छत्रीवाल्या सिनेमाची. म्हणाल्या, 'काकांनी ओळखलेला शेवटचा. त्यांच्याच टीव्हीवर बघू या?' मी डिस्क लावली आणि माझ्या नेहमीच्या जागी, पलंगाच्या उशाशी बसले. सुरुवातीला बोलणं नव्हतं, नुसता तंबोरा. आणि मी आपली सांगू लागले. 'पहाट आहे. कौलाचं घर. एक बाई येऊन राह्यली. हातात कंदील आहे, विझलेला. मागं नाही पाहत...' बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, शैलाताई टीव्हीकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या.

'किती वर्षं?' त्यांनी विचारलं.

'सहा-सात.'

'आणि ती पावलं? ती झोक्याची दोरी?'

'मी पाहिली. दिसली त्यांना.'

मला भीती वाटली, की आता यांना फसवल्यासारखं वाटणार. बाबांनी इतकं जपलेलं माझ्या तोंडानं असं घरंगळून जावं... पण त्या हसल्या. डोळे भरले होते तरी हसल्या. 'रंगावरून भांडायचे हो माझ्याशी. निळा आहे म्हणायचे, हिरवा नाही. आणि मी ऐकायचे.' मग त्यांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. म्हणाल्या, 'पहिल्यापासून लावा. सांगा मला.'

मी सिनेमा मागं घेतला. पहाट, कौलाचं घर, बाई. मी सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. जरा वेळानं त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, 'कंदील कोणत्या हातात आहे?'

हे मी सांगितलं नव्हतं. मी चित्र थांबवलं आणि नीट पाहिलं. डाव्या हातात होता.