साय न काढता

मध्य प्रदेशाची राजधानी नुकतीच नागपूरहून गेली होती. वडिलांची कचेरी भोपाळला हलली आणि घरचे सगळे तिकडे गेले. कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्याची तात्पुरती नोकरी होती, म्हणून मी एकटी मागे राहिले. वर्षअखेरची प्रात्यक्षिक परीक्षा सुरळीत पार पडली तर नोकरी कायम, नाहीतर मलाही भोपाळची गाडी धरावी लागणार, हे विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून मी यादी केली. सामान, क्रम, कुणी काय आणायचं, सगळं.

प्रयोग लायपेजचा होता. हे स्वादुपिंडातलं, चरबी फोडणारं एन्झाइम. दुधात धुण्याचा सोडा आणि फिनॉल्फथॅलीनचे थेंब घातले की दूध गुलाबी होतं. त्यात बकऱ्याच्या स्वादुपिंडाचा अर्क घालायचा. लायपेज दुधातली चरबी फोडतं, आम्लं सुटतात आणि गुलाबी रंग जातो.

परीक्षा सकाळी अकरा वाजता होती. नऊला मी एक नळी करून पाहिली. रंग जरा फिकटला, गेला नाही. दुसऱ्या नळीतही तेच. यादीवर बोट ठेवत गेले. सोडा ठीक. ऊब म्हणाल तर नागपूरचा एप्रिल. उरला अर्क.

“काका, अर्क मेला बहुतेक,” मी प्रयोगशाळेच्या शिपाईकाकांना म्हटलं. “पुन्हा खाटकाकडे जावं लागेल.”

“सकाळीच तं आणलं, बाई. एका बकऱ्याले दोनदा कसं कापू?”

“मग दूध कसं आहे?”

“दुधाले नावं ठेवू नका. घरच्या म्हशीचं आहे. तुमच्या यादीत ‘तापवून आणणे’ होतं. काल सांजेले तापवलं, आज पुन्हा तापवलं.”

“आणि साय?”

“ते आमच्या हिनं काढून घेतली. दोन्ही डाव.”

“काहून?” माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

“आता काहून म्हणता! सायीसकट दूध कोनी देते का, बाई? तुमच्या घरी तूप कायचं करतात?”

आमच्या घरीही साय निघायचीच. सायीबरोबर दुधातली बरीचशी चरबी गेली होती; चूक माझ्या यादीची होती.

काका सायकलवर गेले आणि साडेदहाला धारोष्ण दूध घेऊन आले. मी नळी हातात धरून उभी राहिले. गुलाबी फिकं झालं, मग पांढरं. मी स्टुलावर बसले, तेव्हा कळलं की सकाळपासून बसलेच नव्हते.

लायपेजच्या रेणूत एक खोबण असते, चरबी तिथे फुटते, आणि त्या खोबणीवर झाकण असतं, हे मी अलीकडे वाचलं. चरबीच्या थेंबाला टेकल्यावरच ते झाकण बाजूला सरतं. म्हणजे त्या सकाळी अर्क मेला नव्हता. बराचसा झाकण लावून बसला होता, इतकंच.

परीक्षा संपली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पांढऱ्या नळ्यांची रांग पाहून मान डोलावली, आणि विभागप्रमुख जाता जाता म्हणाले, “जूनपासून कायमच्या समजा.”

मी आधी यादी काढून ‘तापवून’ खोडलं आणि ‘कच्चं, साय न काढता’ असं लिहिलं. मग वडिलांना पत्र घातलं: माझं अंथरूण तिकडे पाठवलं होतं, ते परत पाठवा.