आप्पांचा हात आणि तंबाखूचा तरू

निपाणीच्या कॉलेजात मी बारा वर्षं जीवशास्त्र शिकवते. माहेर कोगनोळीच्या अलीकडे, आणि तिथं आमच्या आप्पांचा तंबाखूचा तरू साऱ्या शिवारात नावाजलेला. तरू म्हणजे वाफ्यात वाढवलेली कोवळी रोपं. आप्पांच्या हाताला गुण आहे म्हणत गावोगावचे लोक ती न्यायचे. त्या हाताची कुणी तारीफ केली की आप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे.

गेली दोन वर्षं मात्र पानं कबरी निघू लागली. कुठं गर्द हिरवी, कुठं फिकट, कडेनं आखडलेली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण लोक रोपं दुसरीकडून आणू लागले. "औंदा बी तसंच झालं तर वाफं मोडून टाकतो," आप्पा जेवताना म्हणाले आणि भाकरी अर्धी टाकून उठले. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी रानात गेले, बांधाकडेला राहिलेल्या गेल्या वर्षीच्या एका झाडाचं कबरं पान हातात घेतलं आणि शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेच पान मी दर वर्षी फळ्यावर काढत होते. तंबाखूचा मोझॅक विषाणू, पाठ्यपुस्तकातलं आवडतं उदाहरण. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

तेवढ्यात आप्पा बांधावर बसून तळहातावर तंबाखू मळू लागले. आमच्याच रानातली. चिमूट ओठाखाली गेली, हात झटकला आणि त्याच हातानं ते रोपं उपटायला लागले. तंबाखू वाळली, कुटली, तरी हा विषाणू त्यात तग धरून राहतो, हे मीच पोरांकडून घोकून घेतलेलं. आता ज्या हाताला सारं गाव गुणाचा म्हणतं, त्याच हातानं रोग येतो, हे बापाला सांगायचं कसं?

मी लांबून सुरुवात केली. "आप्पा, देवीच्या जत्रंत म्हाईचं गावजेवण असतंय, त्याची मूळ वही कुठं असती?"

"पुजाऱ्याच्या पेटीत."

"मग आचाऱ्याला काय मिळतं?"

"चिठ्ठी. एवढं तांदूळ, एवढा गूळ."

"रोपाच्या कणाकणात तसंच चालतंय. वही म्हंजे डीएनए, ती पेटीतनं हलत न्हाय. लागंल तेवढंच चिठ्ठीवर उतरवून घ्यायचं, ती आरएनए. आचारी चिठ्ठी वाचतो आन् प्रथिनं शिजवतो. त्या प्रथिनांवरच रोप उभं राहतंय."

"बरं, मग?"

"ह्या रोगाकडं वहीच न्हाय. नुस्ती चिठ्ठी. रोपाला जरा खरचटलं की ती आत शिरती. आचारी ती वाचतो आन् रोगच शिजवत बसतो."

"म्हंजे आचारी खुळा."

"खुळा न्हाय. चिठ्ठी कुणी आणली, हे तो इचारत न्हाय एवढंच."

"आन् आणतंय कोण?"

मी त्यांच्या तळहाताकडे पाहिलं. आप्पांनीही पाहिलं, आणि उठून सरळ घराकडे चालू लागले.

मी निपाणीला परतले. दोन दिवस त्यांचा फोन नाही. हट्ट आमच्या घराण्यात न चुकता पुढच्या पिढीत उतरतो, त्यामुळे मीही फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी आला. "ये. पैज लावू."

पैज सोपी होती. लहान दोन वाफे, एकाच बियाण्याचे, एकमेकांपासून लांब. एकातली रोपं आप्पांनी तंबाखू मळून उपटली आणि पुन्हा लावली. दुसऱ्यात तेच काम साबणानं हात धुऊन केलं. बाकीच्या वाफ्यांत हात न धुता कुणी जायचं नाही, असं मी बजावलं. ते माझा मान ठेवायचा म्हणून हो म्हणाले.

पंधरा दिवसांनी पहिल्या वाफ्यातली पानं कबरी झाली. दुसरा वाफा हिरवागार, आणि मोठे वाफेही. आप्पा पहिल्या वाफ्याशेजारी बसून राहिले. मी पैज जिंकले होते आणि मला रडू येत होतं.

"हे किती वर्सं शिकवतीस?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"आन् मला आत्ता सांगतीस व्हय?"

तो धडा परीक्षेसाठी असतो, आमच्या रानासाठीही असू शकतो, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी वर्गच रानात नेला. बांधावर पाण्याची बादली होती, खुंटीला जाळीच्या पिशवीत साबण लटकवला होता, आणि तंबाखूची पुडी घरी कोनाड्यात राहिली होती. रोपं न्यायला आलेले दोन शेतकरी आप्पांच्या धाकानं निमूट हात धूत होते. मी पोरांना वही, चिठ्ठी, आचारी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "हा रोग इथं एका माणसाच्या हातानं आला." कुणाच्या, ते सांगायचं नाही असं ठरवूनच आले होते.

"कुणाच्या, मॅडम?" पुढच्या एका मुलीनं विचारलं.

शाळेतल्या पोरासारखा आप्पांनी हात वर केला. "माझ्या. मला ठावं न्हवतं." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "ठावं हुतं त्यानं बी हात वर करावा."

मी केला. पोरं हसली, शेतकरी हसले. आप्पांनी पिशवीतला साबण काढून माझ्या हातात दिला. "चल, आदी तू धू."