निळ्या वहीतली माझी सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तसा मी गप्प बसणारा माणूस नव्हे. फ्रान्सच्या विमानतळावर कांदा-लसूण चटणीचा डबा उघडून दाखवला आणि तिथला साहेब पाच मिनिटं शिंकत राहिला, हे मी लग्नाच्या पंगतीतही सांगतो. माझ्या सगळ्या फजित्या कोल्हापूरला पाठ आहेत. ही एक सोडून.

मी निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा विश्वजित तेव्हा फ्रान्समध्ये नोकरीला होता. नात सई आठ वर्षांची, तिथल्या सरकारी शाळेत जायची. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी तीन महिने राहायला गेलो होतो. मला काम एकच — साडेचारला सईला शाळेतून आणायचं.

परत आल्यापासून मी व्याख्यान देतो. ‘फ्रान्सची शाळा : गुण आणि दोष’. कळंब्याला आमच्या ज्येष्ठ मंडळींत चारदा झालंय. दोष चाळीस मिनिटं, गुण पाच. दोष खोटे नाहीत हो! शुद्धलेखनात एकेका चुकीला गुण कापतात. वीसपैकी वीस द्यायचं म्हणजे बाईंच्या जिवावर येतं. कौतुक नाही, तांबड्या शाईत नुसतं ‘याहून बरं करता येईल’. परक्या भाषेतलं पोर मागं पडलं तर मागंच राहतं. हे मी असं रंगवतो की शेवटी कुणीतरी म्हणतंच, “मास्तर, म्हंजे आपलीच शाळा भारी की!”

आणि त्या पाच मिनिटांत? दुपारचं जेवण सांगतो — डॉक्टरचं पोर आणि झाडूवालीचं पोर एका टेबलाशी, सावकाश, तेच ताट. शाईच्या पेनाचं वळणदार अक्षर सांगतो. एक मात्र गाळतो. आठवड्यातून एकदा बाई पोरांना गोल बसवायच्या आणि एक प्रश्न द्यायच्या, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही. चौतीस वर्षं मी शाळेत घालवली. असा प्रश्न एकदाही विचारला नाही. कुणी उत्तर दिलं असतं तर — मी काय केलं असतं?

पण मूळ गोष्ट ही नव्हेच. मूळ गोष्ट अशी — मला सई इथं हवी होती. स्कूटरवर मागं बसलेली, दोन्ही हातांनी माझा सदरा धरलेली. जिथं म्हशी समोरच पिळतात त्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पाजावं आणि तिच्या ओठावरची पांढरी मिशी आपल्या रुमालानं पुसावी. मोबाईलवर दिसणाऱ्या नातीची मिशी कशी पुसणार, सांगा?

त्यातच विश्वजितला इथल्याच, कोल्हापूरजवळच्या कागलच्या एका कारखान्यानं बोलावलं. त्याचं ठरत नव्हतं. “सईची शाळा कशी चालते, त्यावर बघू,” म्हणायचा.

तिथं प्रत्येक पोराकडं एक वही असते. बाई तीत गुण आणि घरच्यांना निरोप लिहितात, घरच्यांनी वाचून सही करायची. सईची वही निळी होती. एके दिवशी ती फाटकातून पळतच आली, मला बाकावर बसवलं आणि एक पान मराठी करत करत वाचून दाखवलं. त्या आठवड्याचा प्रश्न होता — मोठ्या माणसांचं नेहमी ऐकावं का? वर्षभर तोंड न उघडलेली सई उभी राहिली, ‘नाही’ म्हणाली, आणि तीन कारणं दिली! बाईंनी पानभर लिहिलं होतं, तेही निळ्या शाईत. या मुलीला इथं तिचा आवाज सापडलाय. पुढच्या वर्षाबद्दल बोलायचंय, आईवडिलांनी भेटावं.

“आबा, बाबाला तुम्हीच दाखवा. तुम्ही सांगितलं की त्याला खरं वाटतं.”

मी खिशातलं पेन काढलं. ‘पाहिले’ असं लिहून खाली सही ठोकली — देवनागरीत, लफ्फेदार! हसताय ना? मीही हसलो होतो. बाईंना वाटलं असेल, घरी कळलं. मग कुणीच का आलं नाही, म्हणून त्यांनी किती दिवस वाट पाहिली असेल?

रविवारी सई आई-आजीबरोबर बाजारात गेली होती. विश्वजितनं विचारलं, “आबा, तुम्ही मास्तर आहात. तुम्हाला काय दिसतं?”

मी वही उघडली. शुद्धलेखनाच्या गुणांचं पान. वीसपैकी आठ.

“पोर कोमेजलीय रे,” म्हणालो.

“मग कागलला हो कळवतो,” तो म्हणाला. मी पुढचं पान उलटलं नाही. सई बाजारातून आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, “दाखवलं?” मी मान हलवली. म्हणजे बाबाला सगळं ठाऊक होतं आणि तरी त्यानं आपल्याला तिथून उचललं — असंच ती आजही समजत असणार. जुलैत शाळा संपली. वही मी माझ्या बॅगेत घातली. अजून माझ्याच कपाटात आहे.

सई आता नववीत आहे. सकाळी क्लास, मग शाळा, मग क्लास. मार्क भरपूर. स्कूटरवर मागं बसते, कट्ट्यावर दूध पिते. मला हवं होतं ते सगळं मिळालं. पण साडेचार वाजले की मन अजून त्या फाटकाशी जातं — तीन कारणं घेऊन पळत येणाऱ्या पोरीसाठी. ती मला एकदाच भेटली, एका बाकावर.

गेल्या महिन्यात व्याख्यानाला सई माझ्याबरोबर आली आणि शेवटपर्यंत थांबली. कुणीतरी तिलाच विचारलं, “काय गं बाळ, कशी हुती तिथली शाळा?”

तिनं माझ्याकडं बघितलं.

“आबा सांगतात तशीच.”

“बघा, किती वळण हाय पोरीला!” म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.